बाजीराव हुंकार देतो

नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी बाजीरावानं भर हायवेवर करकचून ब्रेक दाबला. मागच्या टँकरवाल्यानं हॉर्न दाबून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मागच्या सीटवर बसलेल्या बेन्टे मॅडमची कॉफी त्यांच्याच मांडीवर सांडली.

“काय झालं?” मॅडम ओरडल्या.

“मला काय विचारताय? घाबरलात तुम्ही! समोर काय दिसलं?”

समोर काही नव्हतं. ना उंट, ना पोर, ना वाऱ्यानं उडत आलेला पत्रा. झालं होतं असं, की मॅडम फोनवर डेन्मार्कमधल्या वडिलांशी बोलत होत्या आणि बोलता बोलता त्यांनी खस्सकन श्वास आत ओढला. बाजीरावाला एवढंच ठाऊक, की गाडीत बसलेल्या माणसानं असा श्वास ओढला म्हणजे गाडीपुढं कुणीतरी आलं. वीस वर्षांची सवय. पाय काही डोक्याला विचारायला थांबला नाही. मॅडमनी टिश्यूनं कपडे पुसत समजावून सांगितलं, की तो श्वास म्हणजे ‘हो’. त्यांच्याकडे हो म्हणायला ‘या’ म्हणतात, आणि कधी कधी ते म्हणताना हवा बाहेर सोडायच्या ऐवजी आत घेतात.

“हो म्हणायला कुणी दम आत घेतंय का?” बाजीराव संध्याकाळी खोलीवर सांगत होता. “नवलच हाय बाबा त्या लोकांचं!”

खोली कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मदला. सहा जण, सहा पलंग, एक फ्रिज. बाजीराव मूळचा लातूरकडचा, औसा तालुक्यातला, वय सेहेचाळीस. कतारला आला तो ट्रेलर चालवायला, आणि पुढं एका इंजिनिअरिंग कंपनीनं त्याला या डॅनिश बाईंच्या गाडीवर बसवलं. मॅडमचं घर अल अझीझियाला, काम शहराबाहेर साइटवर. सकाळी नेणं, दुपारी साडेचारला आणणं. मॅडम आणि ड्रायव्हर यांचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, अधूनमधून ‘यल्ला’, ‘खलास’ असले अरबी शब्द पेरलेलं. इथं आपण ते मराठीतच ऐकू.

आता बाजीरावाची एक विद्या सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. बाविसाव्या वर्षी तो हरिदास नावाच्या ट्रकवाल्याकडं क्लीनर होता. क्लीनरचं काम काच पुसणं आणि मागं बघून ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडणं, असं लोक समजतात. समजू देत. खरं काम म्हणजे हैदराबादपासून सुरतेपर्यंत ड्रायव्हरला जागं ठेवणं. हरिदास गोष्टी सांगे, गावातल्या भांडणांच्या, सोयऱ्यांच्या, कधीकाळी पळून गेलेल्या म्हशीच्या, आणि बाजीरावानं हुंकार द्यायचा. हं. बरं. मग? अस्सं! आता बघा, नुसतं ‘हं हं’ करणारा क्लीनर अर्ध्या तासात पकडला जातो, कारण झोपलेल्या माणसाचा हुंकारही तसाच येतो. म्हैस पळाली तिथं ‘आरारा’ आलं पाहिजे, सापडली तिथं ‘हां!’ आणि हरिदास थापा मारायला लागला की ‘व्हय?’ असं थोडं लांबवून. चुकीच्या जागी चुकीचा हुंकार गेला की हरिदास गाडी बाजूला घेऊन शिव्या हासडी. सहा वर्षं बाजीरावानं ही नोकरी केली. ट्रक एकदाही रस्त्याखाली उतरला नाही, आणि त्यातलं अर्धं श्रेय हुंकाराचं होतं.

तर असा माणूस रोज साडेचारला गाडीत बसून बापलेकीचं डॅनिश बोलणं ऐकणार. मॅडम फोन गाडीच्या स्पीकरला जोडत. तिकडून विगो बोलत, म्हणजे मॅडमचे वडील, एकोणऐंशी वर्षांचे. चाळीस गाई सांभाळून आता खेड्यातल्या घरात एकटे राहिलेले. भाषेतलं बाजीरावाला ओ की ठो कळत नव्हतं. पण दोन महिन्यांत त्याच्या ध्यानात आलं, की या लोकांचाही हुंकार आहे, आणि काय सुरेख आहे!

त्यांचा मुख्य ऐवज म्हणजे ‘नॉ’. एवढासा शब्द, पण म्हाताऱ्याच्या तोंडी त्याची सतरा रूपं. तुटक, सपाट ‘नॉ’ म्हणजे समजलं, पुढं बोल. शेवट वर गेला की, काय सांगतेस! हळूहळू खाली उतरत गेला की कुणाचं तरी वाईट झालेलं असणार, आणि मॅडमचा आवाजही तिथं खाली यायचा. छोटे छोटे दोन ‘नॉ-नॉ’ म्हणजे पोरी, जरा सबुरीनं घे. आणि ‘नॉ, मेन’ असं आलं, की फोन आता आटोपायचा. ते आलं की बाजीराव मॅडमची पाण्याची बाटली पुढं काढून ठेवी. मॅडमना पहिल्यांदा उलगडाच होईना, की फोन संपत आल्याचं याला आधी कसं कळतं.

“तुला डॅनिश येतं?” त्यांनी एकदा विचारलंच.

“नाय मॅडम. पण मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी कोण वारलं?”

मॅडम चाट पडल्या. विगोंच्या शेजारणीचा नवरा गेला होता. “शब्द न कळता कसं कळलं रे तुला?”

“शब्द बोलणारा सांगतो. काय झालं ते ऐकणाऱ्याच्या आवाजात कळतंय,” बाजीराव म्हणाला आणि सिग्नल सुटला म्हणून गाडी पुढं काढली.

चार वर्षं अशी गेली. आणि यंदाच्या जानेवारीत विगोंना अर्धांगवायूचा झटका आला.

हात सावरला, पाय सावरला, पण बोलणं गेलं. अगदी सगळं नाही. कळायचं सगळं, मनात विचारही यायचा, पण हवा तो शब्द तोंडाशी येईना. खुर्ची म्हणायला जावं आणि चमचा निघावा. मॅडम तीन आठवडे तिकडे राहून, घरी एक नर्स ठेवून परत आल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की पहिल्या सहा महिन्यांत त्यांना रोज बोलतं ठेवा. जे परत यायचं ते याच दिवसांत येईल, माणूस गप्प बसला तर जे उरलंय तेही जाईल. मॅडमनी शब्द दिला होता, रोज फोन करीन.

त्या करीतच होत्या. साडेचार म्हणजे साडेचार. पण म्हातारा एक वाक्य उचली, मध्येच अडखळे, ‘ते... ते...’ करी, आणि मॅडम झटकन हवा तो शब्द पुढं करत. प्रेमापोटीच करत हो! इंजिनिअर बाई, दिसलेली फट बुजवल्याशिवाय चैन कुठलं? पण त्यांनी शब्द दिला की पलीकडे शांतता पसरायची. मग एक ‘या’. मग ‘नॉ, मेन’. फोन बंद. आधी दहा मिनिटं टिकायचा, मग चार, मार्चमध्ये दीड. मॅडम फोन ठेवून खिडकीबाहेर बघत बसत आणि बाजीराव आरसा थोडा फिरवून घेई, त्यांचे डोळे दिसू नयेत म्हणून.

एप्रिलमध्ये एका दुपारी मॅडम साइट ऑफिसात कागद आणायला गेल्या आणि फोन गाडीतच राहिला. तेवढ्यात तो वाजला. स्क्रीनवर म्हाताऱ्याचं नाव. स्वतःहून त्यांनी कधी फोन केला नव्हता. बहुधा तिथल्या नर्सनं लावून दिला असावा. बाजीराव गडबडला. न उचलावा तर म्हाताऱ्याला वाटायचं, पोरीनं टाळलं. त्यानं बटण दाबलं.

“हॅलो सर. मॅडम नो हिअर. फाइव्ह मिनिट.”

पलीकडे श्वास ऐकू आला. मग म्हाताऱ्यानं काहीतरी बोलायला घेतलं. चार शब्द आले, पाचवा येईना. ‘ते... ते...’ आणि बाजीरावाच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “नॉ...” सावकाश, शेवटी जराच उचललेला. चार वर्षं कानात मुरलेला, म्हाताऱ्याचाच नॉ त्यानं म्हाताऱ्याला परत दिला होता.

बाजीरावाला वाटलं, मेलो, नोकरी गेली. आणि मग म्हातारा बोलू लागला. अडखळत, मागं येत, एक शब्द टाकून दुसरा घेत, पण बोलू लागला. बाजीराव हुंकार देत राहिला. कधी ‘नॉ’, कधी ‘या’, आणि एकदा तर चक्क तो आत ओढलेला ‘या’. चुकीचा शब्द कुठला आणि बरोबर कुठला हे या ऐकणाऱ्याला कळतच नव्हतं, मग म्हाताऱ्यानं लाजायचं कुणाला? मॅडम कागद घेऊन आल्या तेव्हा अर्ध्या उघड्या दारापाशी तशाच थबकल्या. उन्हात, कागद छातीशी धरून. अकरा मिनिटं त्यांचे वडील बोलत होते.

त्या दिवसापासून साडेचारचा फोन बाजीरावाचा झाला. मॅडम मागं चूप बसत, तो गाडी सावलीत लावी आणि म्हातारा सुरू होई. काय माणूस हा बाजीराव! पहाटेपासून गाडीत बसून पाठीचं लाकूड झालेलं, रात्रीचा स्वयंपाक डोक्यावर, पण हुंकार कधी खोटा दिला नाही. हवेतलं ‘हं हं’ केलं असतं तरी कोण पकडणार होतं? पण तो डोळे मिटून ऐके, कपाळाला आठ्या घालून, परीक्षेला बसल्यासारखा. विगो रडकुंडीला आले की त्याचा नॉ खाली उतरे, आणि सापडलेला शब्द मिरवत आले की वर चढे.

एकदा मॅडमनी न राहवून सांगितलं, “तुला माहितीय ते काय सांगतायत? मी जन्मायच्या आधीचा हिवाळा. बर्फात दुधाची गाडी गावात पोचेना, तर आईनं आणि त्यांनी सगळं दूध... आई किती हसली होती ते सांगतायत. मला हे कधीच सांगितलं नव्हतं.” त्यांना आनंद होता आणि लागलंही होतं. बाप बोलतोय, पण ड्रायव्हरशी बोलतोय.

आणि दुसऱ्याच दिवशी घात झाला. तीच गोष्ट पुढं चालली होती. म्हाताऱ्याला ‘दूध’ सापडेना. ‘ते पांढरं... ते पांढरं...’ मागच्या सीटवरून मॅडमच्या तोंडून गेलंच, “दूध!”

स्पीकर गप्प. ‘या.’ मग ‘नॉ, मेन.’ फोन बंद. त्यानंतर दोन दिवस म्हाताऱ्यानं फोन उचलला नाही. नर्सनं कळवलं, की जेवतात, पण तोंड उघडत नाहीत. मॅडमनी त्या दोन दिवसांत स्वतःची जी अवस्था करून घेतली ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. तिसऱ्या दिवशी बाजीरावानंच फोन लावला, दहा वेळा ‘हॅलो सर’ केलं, तेव्हा कुठं गाडं सुरू झालं.

हे सगळं त्यानं गावाकडं बायकोला सांगितलं. सत्यभामा फटकळ बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, “चांगलं केलंत ओ! त्या बाईचा बाप पळवलात की!”

“पळवला? अगं, मी त्यांना बोलतं करायलोय!”

“तुमच्यासंगं. लेकीसंगं कधी बोलायचा त्यो? तुम्ही काय जल्मभर त्यांच्या गाडीवर ऱ्हाणार हाव का?”

बाजीरावाला राग आला. फोन ठेवून तो बराच वेळ पोळ्या लाटत बसला. पण खरं ते खरं. म्हातारा त्याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर जाताना तो म्हणाला, “मॅडम, गुरुवारपासून हुंकार तुम्ही द्यायचा.”

“मी? माझा आवाज ऐकला की ते गप्प होतात.”

“आवाजानं नाय होत. तुमच्या नॉनं होतात.”

मॅडम ताठ झाल्या. “बाजी, मी डॅनिश आहे. नॉ कसं म्हणायचं ते तू मला शिकवणार?”

“शिकवावं लागंल,” बाजीराव म्हणाला. “राग येऊ देऊ नका. तुमच्या नॉच्या मागं पुढचा शब्द उभाच असतो, धक्का मारत. म्हातारबाला तो दिसतो. म्हणून बघा बरं.”

“नॉ.”

“हे घाई करायलंय.”

“नॉ...”

“हे कीव करायलंय. कीव तर बिलकुल नको.”

सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून बघत राहिला. इकडं एक गोरी बाई आणि तिचा ड्रायव्हर एकमेकांवर आळीपाळीनं ‘नॉ’ फेकत होते. मॅडमना आधी हसू आलं, मग चीड आली, मग साइटचं फाटक आलं. दुपारी परतताना पुन्हा तेच. बुधवारी संध्याकाळी घराच्या वळणावर त्यांच्याकडून एक नॉ असा आला, की बाजीरावानं स्टिअरिंगवर थाप मारली. “हां! यात काही नाय. नुस्तं ‘मी हाय’ एवढंच हाय. हेच ठेवा.”

गुरुवारी बाहेर सत्तेचाळीस अंश. मॅडमच्या बिल्डिंगखाली सावलीची जागा कुणीतरी आधीच घेतली होती, म्हणून गाडी उन्हातच, एसी फुल्ल. बाजीरावानं फोन लावला. ‘हॅलो सर.’ म्हातारा खुशीत होता. सुरुवात बरी झाली. बाजीरावानं दोन नॉ दिले. मग नेहमीसारखं अडलं. ‘ते... ते...’

बाजीरावानं ओठ घट्ट मिटले आणि आरशात बघितलं. मॅडमचं तोंड उघडलं होतं. शब्द अगदी जिभेवर आलेला, दिसत होता. त्यांनी हाताची मूठ दाताखाली धरली. स्पीकरमधून म्हाताऱ्याचा श्वास येत होता, आणि तो थांबला होता, हुंकाराची वाट बघत. सहा सेकंद. आठ. बाजीरावाच्या पाठीवरून घामाची धार उतरली, एसी असून.

“नॉ...” मॅडम म्हणाल्या.

तिकडं सगळं थांबलं. म्हाताऱ्यानं आवाज ओळखला होता. बाजीरावाला आता ‘नॉ, मेन’ ऐकू येणार याची खात्री वाटली. पांडुरंगा, एवढ्या वेळेला पदरात घे, तो मनात म्हणाला. मॅडम काही बोलल्या नाहीत. दुसरा नॉही दिला नाही. नुसत्या थांबल्या. आणि मग स्पीकरमधून तो आवाज आला, खस्सकन आत ओढलेला श्वास. हो.

म्हातारा पुन्हा त्या शब्दाकडं वळला. चुकला, मागं आला, एकदा चुकीचा धरून सोडून दिला आणि शेवटी हवा तो काढलाच. शब्द कुठला ते बाजीरावाला कळलं नाही. आवाज बूड टेकून बसला तेव्हा सापडला एवढं कळलं. “नॉ!” मॅडम म्हणाल्या, वर चढत, आणि त्यात लहान मुलीसारखा आनंद होता. कुणी शिकवला नव्हता तो.

बाजीरावानं हळूच दार उघडलं आणि तो बाहेर उतरला. बापलेकीच्या बोलण्यात तिसरा कशाला? दार लावताना आवाज होऊ नये म्हणून त्यानं ते मांडीनं दाबलं. बाहेर भट्टी पेटली होती. भिंतीला टेकावं तर भिंत चटका देई. तो उभा राहिला. काचेतून मॅडमची मान हलताना दिसत होती, कधी हळू, कधी भराभर. काम फत्ते झालं होतं. बाजीरावाला बरं वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्याला वाईट वाटत होतं. रोज साडेचारला आपली वाट बघणारं एक माणूस या जगात होतं, ते आज गेलं. वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला, आणि तो रुमालानं मान पुसत राहिला.

पंचवीस मिनिटं झाली असतील. शर्ट अंगाला चिकटला होता. खिडकीची काच खाली आली. मॅडमचे डोळे लाल, नाक लाल, आणि तोंडभर हसू.

“बाजी, त्यांनी विचारलं, तो कुठंय. मी म्हटलं, बाहेर उन्हात उभा आहे.” मग त्यांनी वडिलांचं वाक्य आधी डॅनिशमध्ये, जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि मग त्याला कळेल असं सांगितलं: “माणसाला असल्या उन्हात उभं करतात का, आत घे त्याला!”

“सर असं बोलले?”

“एका दमात. कुठंही न अडखळता.” मॅडम इंजिनिअर, रडता रडताही त्यांनी बोटांवर मोजलं होतं. “डॅनिशमधले अकरा शब्द, बाजी. झटक्यानंतरचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. ते तुझ्यासाठी होतं.”

स्पीकरमधून म्हाताऱ्याचा आवाज आला, जरा वैतागलेला, दार उघडं ठेवून कुणी बोलत बसल्यावर घरातलं वडीलधारं माणूस वैतागतं तसा. बाजीरावानं घाईघाईनं दार उघडलं आणि तो आत बसला. हुंकार द्यायला त्यानं तोंड उघडलं, पण त्या दिवशी त्याचाच आवाज फुटेना.